निबर कोण, कोडगा कोण?

प्रश्न : घरात भेंडी चिरताना ‘निबर निघाली’ म्हणतात. वर्तमानपत्रात ‘यंत्रणा निबर झाली आहे’ असं वाचायला मिळतं. आणि आमच्याकडे एखाद्या म्हातारीबद्दल ‘सोसून सोसून निबर झाली’ असंही बोलतात, तेव्हा तिच्याविषयी कुणाच्या मनात राग नसतो. मग या शब्दाचा अर्थ ‘निर्दय’ असा घ्यायचा की काही वेगळा? ही शिवी आहे का?
(एक वाचक, कामशेत, ता. मावळ)

उत्तर : शिवी नाही. तुमच्या तीन उदाहरणांतच बरंचसं उत्तर आलेलं आहे. ‘निबर’ हा मुळात स्वभाव सांगणारा शब्द नाही, वाढ सांगणारा आहे. जे एके काळी कोवळं होतं आणि दिवस गेल्यामुळे, ऊन लागल्यामुळे किंवा वापरामुळे कडक झालं, ते निबर. म्हणून काळ्या पाषाणाला सहसा कुणी निबर म्हणत नाही, तो कठीणच. निबर व्हायला आधी कोवळेपण असावं लागतं.

कामशेतच्या किंवा वडगावच्या बाजारात भेंडीचा ढीग मांडला की गिऱ्हाईक पहिल्यांदा काय करतं? एक भेंडी उचलतं आणि तिचा शेंडा अंगठ्याने दाबतं. कट्‌कन मोडला तर कोवळी. वाकला, दोरे निघाले, तर निबर. भाजीवाली ओरडते, “मोडू नका हो ताई, सकाळची तोडलीय!” तरी ताई आणखी दोन मोडून बघतात. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. मध्ये पावसाची झड लागून तोडा चुकला, की बोटभर भेंडी वीतभर होते आणि भाजीतून जाते. इथे निबर म्हणजे सरळ दोष.

पण तीच भेंडी ज्याने लावली त्याच्या बांधावर जाऊन बघा. वाफ्यातली दोनचार जोमदार झाडं त्याने मुद्दाम न तोडता ठेवलेली असतात. त्यांच्या शेंगा निबर होऊ द्यायच्या, झाडावरच वाळू द्यायच्या, कारण पुढच्या वर्षीचं बी त्यांतून निघणार. दोडक्याचं, काकडीचं तसंच. कढईला जी नको, ती बियाण्याला हवी.

बांबूचंही बघा. टोपली, डालगं विणायचं असेल तर कोवळा बांबू लागतो, त्याच्या कांब्या न मोडता वळतात. घराला वासा घालायचा असेल तर तीनचार वर्षांचा निबर बांबू शोधतात. कोवळा बांबू घातला तर त्याला भुंगा लागतो आणि भुसा गळायला लागतो. म्हणजे एकाच बेटावर उभे राहून दोन माणसं ‘निबर’ हा शब्द उच्चारतील, एक नाक मुरडून आणि दुसरा समाधानाने.

भातशेतीत तर या शब्दाला हिशेब आहे. मावळात जूनमध्ये रोप टाकतात आणि साधारण २१ ते २५ दिवसांनी लावणी करतात. पावसाने ओढ दिली, चिखलणी अडली, की रोप वाफ्यातच वाढत राहतं. शेतकरी म्हणतो, “रोप निबर झालं.” असं रोप लावलं तरी त्याला फुटवे कमी येतात, चूड भरत नाही, उतारा घटतो. रोप दिसायला उंच आणि दणकट असतं, पण फुटायची त्याची ताकद गेलेली असते. माणसाच्या बाबतीत हा शब्द वापरताना हेच उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं. निबर माणूस दुबळा नसतो, त्याला आता नवे फुटवे येत नाहीत एवढंच.

जाताजाता, ‘जून’ आणि ‘निबर’ हे शब्द स्वयंपाकघरात एकमेकांच्या जागी चालतात, पण ‘जून’ वय सांगतो आणि ‘निबर’ कडकपणा. ‘जून खोड’ म्हणजे मुरलेला, बेरकी माणूस, त्याच्यात माया शिल्लक असू शकते. ‘निबर’ म्हटल्यावर मायेविषयी शंका येते. व्याकरणाच्या दृष्टीने शब्द सोपा आहे, लिंग-वचनाने तो बदलत नाही : निबर भेंडी, निबर दोडका, निबर लाकूड, निबर माणसं. नाम करायचं तर ‘निबरपणा’.

आता यंत्रणा आणि म्हातारी. दोघांनाही एकच शब्द कसा लागतो? कारण ‘निबर’ हा शब्द काय झालं ते सांगतो, दोष कुणाचा ते सांगत नाही. पवन मावळातलं उदाहरण घ्या. पवना धरण १९७२च्या सुमारास पूर्ण झालं. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांच्यातल्या अनेकांचा पर्यायी जमिनीचा प्रश्न पुढे पन्नास वर्षं रेंगाळला. अर्ज केला तो बाप गेला, पाठपुरावा करणारा मुलगा म्हातारा झाला, आता नातू कागद सांभाळतो, अशी घरं त्या भागात आहेत. अशा घरातला म्हातारा ‘आता काही वाटत नाही’ म्हणतो, तेव्हा तो निबर झालेला असतो. आणि तोच अर्ज कितव्यांदा तरी हातात घेऊन न वाचता बाजूला सारणारी कचेरी, तीही निबर झालेली असते. वाट बघणारा आणि वाट बघायला लावणारा, दोघंही त्याच पन्नास वर्षांत कडक झाले. शब्द एकच, पण एकाचं घट्टे पडलेलं मन आहे आणि दुसऱ्याची चुकवलेली जबाबदारी.

म्हणून यंत्रणेवर लिहिताना नुसतं ‘निबर’ लिहून थांबू नये. तो शब्द आरोपीला सोईचा पडतो. जणू काळच तसा होता, ऊन लागलं आणि भेंडी कडक झाली. जिथे कुणीतरी निर्णय घेतलेला असतो तिथे ‘निष्ठुर’ म्हणायला हवं. निष्ठुरपणा एका घटकेत घडतो, निबरपणाला वर्षं लागतात. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीच्या विरोधातलं आंदोलन द्रुतगती मार्गावर बऊर इथे चाललं असताना पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मारले गेले. त्या दिवसाचं वर्णन ‘निबर’ या शब्दाने करता येत नाही. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या लांबलेल्या वर्षांचं मात्र करता येतं.

प्रश्न : ‘कोडगा’, ‘निर्ढावलेला’ आणि ‘निगरगट्ट’ हे तिन्ही शब्द विद्यार्थी एकाच अर्थाने लिहितात. मी तिन्ही बरोबर धरतो. चुकतंय का?
(एक शिक्षक, तळेगाव दाभाडे)

उत्तर : गुण कापू नका, पण फरक जरूर सांगा, कारण हे तीन शब्द वेगवेगळ्या वाटांनी कडक झालेल्या माणसांचे आहेत.

कोडगा तो, ज्याला बोलणी आणि मार यांचं काही वाटेनासं झालं आहे. या शब्दात लाज गेलेली असते. तो बहुधा मुलांना, विद्यार्थ्यांना, घरातल्या माणसांना लावला जातो, कारण रागावण्याचा हक्क तिथेच असतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला आपण कोडगा म्हणत नाही, त्याला आपण कधी रागावलेलोच नसतो.

निर्ढावलेला तो, ज्याची भीती गेली. एकदा चूक केली, पचली. दुसऱ्यांदा केली, तीही पचली. तिसऱ्यांदा हात थरथरत नाही. शब्द ‘निर्ढावणे’ या क्रियापदापासून आला असल्यामुळे त्याच्यामागे इतिहास असावाच लागतो. पहिल्याच गुन्ह्याला कुणी निर्ढावलेला नसतो. बातम्यांत ‘सराईत’ आणि ‘अट्टल’ हेही शब्द येतात, पण ते हाताची सवय सांगतात. मनाचं काय झालं ते ‘निर्ढावलेला’ सांगतो.

निगरगट्ट याला इतिहास लागत नाही. समोरचा ओरडतोय, विनवतोय, कायदा दाखवतोय, आणि हा ढिम्म. ऐकू येतं, कळतं, पण हलायचं नाही असं ठरवलेलं आहे. म्हणून हा शब्द खुर्चीवर बसलेल्यांना जास्त शोभतो.

पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्यात तिन्ही शब्द एकाच रस्त्यावर भेटतात. भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जिथे गाडी लावायला मनाई आहे तिथेच ती लावणारा माणूस पहिल्या वर्षी दंडाची पावती घेताना इकडेतिकडे बघतो. पुढे पुढे पोलीस दिसताच स्वतःच ‘किती?’ असं विचारून पाकीट काढतो, तो निर्ढावला. काच वर करून, गाणं मोठं करून, काचेवरच्या टकटकीकडे लक्ष न देता समोर बघत बसून राहतो, तो निगरगट्ट. आणि मागच्या सीटवरून चिप्सचं पाकीट बाहेर फेकणारं कार्टं, आई तिसऱ्यांदा ओरडल्यावरही दात काढतं, ते कोडगं.

विद्यार्थ्यांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट. मराठीचं व्याकरण इथे दोषाची वाटणी करतं. ‘मारून मारून मुलाला कोडगं करून ठेवलंय’ हे वाक्य आपण सहज बोलतो. कोडगं कुणीतरी करतं, म्हणजे दोष मारणाऱ्याकडेही जातो. ‘त्याला निर्ढावून ठेवलंय’ असं मात्र कुणी म्हणत नाही. निर्ढावतो तो स्वतःच. फार तर ‘पाठीशी घातल्यामुळे निर्ढावला’ म्हणतात, पण कर्ता तोच राहतो. निगरगट्टाला तर कुणी काही केलेलंच नसतं. निबंधात हे शब्द तपासताना विद्यार्थ्याला एवढंच विचारा : हा असा झाला तो कुणामुळे? उत्तर त्याच्या वाक्यात बसलं तर शब्द बरोबर.

प्रश्न : ‘काळीज दगडाचं आहे’ आणि ‘काळजावर दगड ठेवला’ यांत फरक काय? आणि ‘दगडाला पाझर फुटतो’ ही नुसती कविकल्पना ना?
(एक वाचक, लोणावळा)

उत्तर : फरक जमीन-अस्मानाचा आहे. काळीज दगडाचं असतं त्याला आत काही होत नाही. काळजावर दगड ठेवतो त्याला आत फार होत असतं, म्हणूनच वर वजन ठेवावं लागतं. मुलीला शिकायला दूर पाठवणारी आई, कर्जापायी बैलजोडी बाजाराला नेणारा शेतकरी, ही माणसं काळजावर दगड ठेवतात. बाहेरून बघणाऱ्याला दोघंही सारखेच कोरडे दिसतात, म्हणून घाईने शब्द वापरणारा इथे हमखास चुकतो.

पाझराबद्दल म्हणाल तर लोणावळ्यात राहून ती कविकल्पना वाटावी याचं नवल आहे. सह्याद्रीचा हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तयार झालेला. त्यातला घट्ट थर स्वतः पाणी शोषत नाही. पण त्याला उभ्या-आडव्या भेगा असतात, काही थर सच्छिद्र असतात, आणि दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा असतो. पावसाचं पाणी भेगांतून उतरतं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि वाट मिळेल तिथून कड्याच्या पोटातून झिरपत बाहेर येतं. पाऊस संपल्यावरही काही ठिकाणी कितीतरी दिवस ते झिरपत राहतं. पाझर म्हणतात तो हाच.

दोन हजार वर्षांपूर्वी भाज्याची आणि कार्ल्याची लेणी खोदणाऱ्यांना पाण्याचं मोल पुरतं ठाऊक होतं. लेण्यांना लागून पाण्याची टाकी कोरलेली आहेत, आणि भाज्याच्या शिलालेखांत अशी टाकी दान दिल्याची नोंद आहे. त्या लेखांतला टाक्यासाठीचा शब्द ‘पोढी’. लोहगडावर आणि विसापूरवरही खडकात खोदलेली टाकी आहेत. काही पावसाच्या पाण्यावर भरतात, काहींना आतून पाझर असतो.

तेव्हा ‘दगडाला पाझर फुटेल’ हा वाक्प्रचार अशक्य गोष्टीचा नाही, अवघड गोष्टीचा आहे. रडून-विनवून बघितलं, दगडाला पाझर फुटला असता पण याला फुटला नाही, असं आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाला दगडापेक्षा खालची जागा देतो. दगडाला निदान भेग असते.

प्रश्न : अपघात झाला की मदत सोडून मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना ‘असंवेदनशील’ म्हणतात. मराठीत याहून नेमका शब्द नाही का? आणि रोज मृतदेह काढणाऱ्या बचावपथकांचं काय? तेही निबरच झालेले असतील ना?
(एक वाचक, वडगाव मावळ)

उत्तर : ‘असंवेदनशील’ हा शब्द अहवालात चालतो, पण त्यात राग उतरत नाही आणि दुःखही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसं चित्रफितीत दिसली आणि ती फीत देशभर फिरली. काठावरच्या सगळ्यांना एकाच मापाने मोजणं बरोबर नाही. त्या लोंढ्यात दोरीशिवाय आणि सरावाशिवाय उतरलेला माणूस बहुधा सहावा झाला असता. पण तीच फीत पुढे घरी बसून, चहा पिता पिता, हसरे-रडके चेहरे चिकटवून दहा जणांना पाठवणारा जो आहे, त्याला कोणता शब्द?

तो निर्दय नाही, कारण त्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. कोडगा नाही, त्याला कुणी रागावलेलं नाही. त्याला ‘बधिर’ म्हणावं. दातावर इलाज करण्याआधी डॉक्टर हिरडी बधिर करतात तसं रोज इतकं काही डोळ्यांपुढून जातं की दुखायची जागाच दुखेनाशी होते. बधिरपणाचं एक बरं असतं, तो उतरू शकतो. आणि उतरताना मुंग्या येतात, तेव्हा माणसाला अस्वस्थ वाटतं. ते चांगलं लक्षण समजावं.

बचावपथकांना मात्र हा शब्द लावू नका, निबरही म्हणू नका. मावळात ‘शिवदुर्ग मित्र’सारखी स्थानिक मंडळी दऱ्यांत, धरणांत, कड्यांवर उतरतात. भुशीच्या त्या दुर्घटनेतही शोधकार्यात ती होती. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला, तेव्हाही पाण्यात उतरून माणसं काढण्याचं काम कुणीतरी करतच होतं. असं काम करणाऱ्याचा हात थरथरून चालत नाही. गाठ सैल पडली तर दोर सुटतो. म्हणून तो ‘मन घट्ट करतो’. हा वाक्प्रचार नीट बघा. मन निबर होतं ते आपोआप, मन घट्ट करतो ते आपण, कामापुरतं. काम झाल्यावर ते सैल सोडता येतं, निदान यायला हवं. अशा माणसासाठी मराठीत ‘खंबीर’ आहे, ‘सरावलेला’ आहे. शवागारातला कर्मचारी, अपघात विभागातली परिचारिका, घाटातल्या रुग्णवाहिकेचा चालक, हे सगळे सरावलेले असतात. बाहेर आल्यावर ते जोरात हसताना दिसले, तर तेवढ्यावरून त्यांना निबर ठरवणारा माणूस कधी त्या दारातून आत गेलेला नसतो.

प्रश्न : ‘निबर’चा विरुद्धार्थी शब्द ‘कोवळा’ असं पुस्तकात आहे. पण निबर माणसाच्या उलट कोवळा माणूस कसा म्हणायचा?
(एक शेतकरी वाचक, पवन मावळ)

उत्तर : म्हणता येत नाही, तुमची शंका बरोबर आहे. भाजीला, बांबूला, रोपाला ‘कोवळा’ चालतो. माणसाला ‘कोवळा’ म्हटलं की वय सांगितलं जातं : कोवळं पोर, कोवळं वय. साठीच्या माणसाचं मन किती का मऊ असेना, त्याला कोवळा म्हणता येत नाही.

निबर माणसाच्या उलट टोकाला मराठीने ‘हळवा’ हा शब्द ठेवलेला आहे. तुम्ही शेतकरी आहात तेव्हा तुमच्या कानाला हा शब्द निराळाच लागेल. भाताच्या जातींची आपण विभागणी करतो ती हळवी, निमगरवी आणि गरवी अशी. हळवं भात म्हणजे लवकर तयार होणारं, गरवं म्हणजे उशिरा येणारं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला ‘इंद्रायणी’ वाण मावळात घरोघर झाला, पण खाचर कसं आहे, पाणी किती दिवस टिकतं हे बघूनच हळवं की गरवं ते ठरवायचं, हे सूत्र तुम्ही आजही पाळता. वरकस, पाणी न धरणाऱ्या रानात गरवं लावलं तर ते ऐन दाणा भरायच्या वेळी वाळतं. खोल खाचरात हळवं लावलं तर पाऊस संपायच्या आतच ते कापणीला येतं, दाणा भिजतो आणि काळवंडतो.

माणसांतल्या हळव्याचंही असंच आहे. त्याच्या डोळ्यांत लवकर पाणी येतं, हा गुण खरा, पण घरावर संकट आलं की हळव्या माणसालाच आधी सांभाळावं लागतं. म्हणून ‘हळवा’ ही पूर्ण स्तुती नाही, जशी ‘निबर’ ही पूर्ण निंदा नाही. स्तुतीच करायची असेल तर ‘कनवाळू’ म्हणा, ‘मायाळू’ म्हणा. त्यांत दुसऱ्यासाठी काही केल्याचा अर्थ आहे. हळवा नुसता स्वतः भिजतो.

मावळी माणसाबद्दल बोलताना ‘काटक’, ‘चिवट’, ‘कणखर’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरले जातात. ते तिन्ही कडकपणाचेच आहेत, पण तो कडकपणा दुसऱ्याच्या दुःखावर चालत नाही, स्वतःच्या कष्टांवर चालतो. तेव्हा कुणाला कोणता शब्द लावायचा हे ठरेना, तर तो माणूस कुणाच्या बाबतीत कडक आहे ते आधी बघावं. स्वतःच्या बाबतीत कडक असेल तर कणखर, पोराबाळांच्या आणि दारी आलेल्याच्या बाबतीत असेल तर निष्ठुर. आणि दोन्हींकडे सारखाच कडक झालेला दिसला, तर त्याला निबर म्हणा, आणि म्हणण्याआधी तो किती वर्षं उन्हात होता तेवढं विचारून घ्या.